पाळी जायच्या वेळेस हार्मोन घ्यायचे का नाही, कसं ठरवायचं

एचआरटी, म्हणजे पाळी जाताना शरीरात कमी होणारी इस्ट्रोजेनसारखी हार्मोन औषध म्हणून बाहेरून घेणं, असं म्हटलं की आपल्याकडे दोनच आवाज ऐकू येतात. एक म्हणजे "अगं नको हं, कॅन्सर होतो त्याने", हा बहुतेक वेळा नणंद, शेजारीण नाहीतर मेडिकलवाला यांच्यापैकी कोणाचा तरी. आणि दुसरा हल्ली इन्स्टावरून येतो, की घ्याच, कांती उजळते, वजन उतरतं, दहा वर्षांनी तरुण दिसाल. दोन्ही बाजूला ठेवा. मी डॉक्टर नाही, पण पाळी गेलेली बाई आहे आणि मैत्रिणींमधे ज्या बाईला फाईल दाखवतात ती मी, त्यामुळे हा विषय बराच वाचून झालाय आणि बराच ऐकूनही झालाय.

एक गोष्ट आधीच डोक्यात बसवा म्हणजे निम्मं टेन्शन जाईल. हे काही लग्न नाहीये की एकदा हो म्हटलं की संपलं. साधारण तीन महिने घेऊन बघायचं, फरक पडला तर पुढे, नाहीतर डोस बदलायचा किंवा बंद करायचं. आणि "सध्या नको, सहा महिन्यांनी बघू" हेही उत्तर चालतं, फक्त ते माहिती घेऊन दिलेलं असावं, घाबरून नाही.

पहिलं काम, हे मेनोपॉजचंच आहे ना ते बघा. आपल्याकडे पाळी जायचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे, युरोप-अमेरिकेत ५१, म्हणजे तिकडचे लेख वाचून "माझं तर अजून वय नाही झालं" असं म्हणू नका. सलग १२ महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरतात, पण त्रास त्याच्या कितीतरी आधीपासून सुरू होतो, पाळी पुढेमागे व्हायला लागते तेव्हाच. पंचेचाळीशीनंतर असं होत असेल तर एफएसएच (रक्तातलं एक हार्मोन) वगैरे टेस्ट करायची सहसा गरज पडत नाही, तो आकडा या काळात आज एक आणि पुढच्या महिन्यात वेगळा असतो, पैसे वाचवा. त्याऐवजी थायरॉईड, हिमोग्लोबिन, शुगर बघून घ्या, कारण धडधड, घाम, थकवा, केस गळणं हे सगळं थायरॉईडमधेही होतं. आणि रात्री घाम येतोय, वजन आपोआप उतरतंय, संध्याकाळी कणकण वाटते, तर ते सरळ मेनोपॉजच्या खात्यात टाकू नका, आपल्या देशात टीबी पण बघावा लागतो. अजून एक, पाळी दोन महिने आली नाही म्हणजे दिवस जाणारच नाहीत असं नसतं, आणि एचआरटीच्या गोळ्या म्हणजे गर्भनिरोधक नव्हे. चव्वेचाळिसाव्या वर्षी ही बातमी मिळालेल्या बायका आहेत म्हणून सांगतेय.

मग भिंतीवरचं कालनिर्णय काढा. जिथे दूध आणि सिलेंडर लिहिता तिथेच, तारखेच्या चौकोनात. वाफ आली, म्हणजे अंगातून एकदम गरम लाट गेली (हॉट फ्लॅश), की एक काडी. रात्री घामाने जाग आली, गाउन बदलावा लागला तर फुली. पाळी आली तर गोल. संबंधाच्या वेळी दुखलं, लघवीला जळजळ झाली तर तुमचं तुम्हाला कळेल असं कुठलंही अक्षर, घरात सगळे बघतात म्हणून. तीन-चार आठवडे हे केलं की चित्र स्पष्ट होतं, कारण "मला फार त्रास होतो डॉक्टर" या वाक्याला ओपीडीत काही किंमत नाही पण "रोज आठ-नऊ वेळा वाफा येतात, आठवड्यातून चार रात्री झोप मोडते, मीटिंगमधे घाम पुसत बसते" याला आहे.

आता त्या खुणांकडे बघून स्वतःलाच विचारायचं, यातलं हार्मोनने काय सुटणार आहे. वाफा आणि रात्रीचा घाम यावर एचआरटीसारखं दुसरं काही नाही, वाफांची संख्या साधारण तीन चतुर्थांशाने कमी होते. घामामुळे मोडणारी झोप सुधारते. हाडं टिकतात, म्हणजे औषध चालू आहे तोवर. मूड, सांधेदुखी, विसराळूपणा यात काही जणींना चांगला फरक पडतो, काहींना नाही. वजन, सुरकुत्या यासाठी हे घ्यायचं नाही. हार्ट अटॅक नको किंवा म्हातारपणी स्मृतिभ्रंश नको म्हणून पण नाही, त्यासाठी ते देत नाहीत. आणि मुलगी बारावीला आहे, सासरे अंथरुणावर आहेत आणि कामवाली सुट्टीवर आहे यामुळे होणारी चिडचिड कुठल्याच गोळीने जात नाही. वाफा येतायत पण दिवसातून एखाददुसरी, पंखा लावला की भागतं, झोप व्यवस्थित, तर तुम्हाला काहीच घ्यायची गरज नसेल. बऱ्याच जणींचं असंच असतं. फक्त दोन महिन्यांत आपोआप जाईल या भरवशावर राहू नका, वाफा बहुतेकींना काही वर्षं येतात, सात वर्षंसुद्धा नवल नाही.

इथे एक गोष्ट जरा सविस्तर सांगते कारण बायका ती डॉक्टरलाही सांगत नाहीत. योनीमार्गाचा कोरडेपणा, संबंधाच्या वेळी आग होणं, सारखं युरीन इन्फेक्शन, शिंकलं की थेंबभर लघवी होणं. वाफा कालांतराने कमी होतात, हे मात्र आपोआप बरं होत नाही, वाढतच जातं. नवऱ्याला वाटतं हिला आता इंटरेस्ट नाही, हिला वाटतं आता वय झालं, आणि दोघंही गप्प. एवढाच त्रास असेल तर गोळ्याबिळ्या नकोतच, जागेवर लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम मिळतं, सहसा दोन आठवडे रोज रात्री आणि मग आठवड्यातून दोनदा. रक्तात अगदी नाममात्र जातं, त्यामुळे त्याच्या जोडीला दुसरं हार्मोन घ्यावं लागत नाही आणि साठी-सत्तरीतही वापरता येतं. ट्यूबबरोबरचा कागद वाचून मात्र छातीत धस्स होतं, कारण गोळ्यांचे सगळे धोके त्यावर जसेच्या तसे छापलेले असतात. ज्यांना स्तनाचा कॅन्सर होऊन गेलाय त्यांनी आधी आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरला विचारायचं, बाकीच्यांनी तो कागद वाचून ट्यूब कपाटात ठेवून द्यायची काही गरज नाही.

आता कॅन्सरची भीती आली कुठून ते. अमेरिकेत वुमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह नावाचा मोठा अभ्यास चालू होता, त्यातला इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं, जोडीला देतात ते दुसरं हार्मोन) दोन्ही देण्याचा भाग जुलै २००२ मध्ये मधेच थांबवला, स्तनाचा कॅन्सर वाढलेला दिसला म्हणून. जगभर हेडलाइन झाल्या आणि लाखो बायकांनी एका रात्रीत गोळ्या फेकल्या. बातमीत जे खाली राहिलं ते असं, की त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेल्या. दिलेलं इस्ट्रोजेन घोडीच्या मूत्रातून काढलेलं आणि जोडीचं प्रोजेस्टिनही जुन्या पद्धतीचं. आणि वाढ किती, तर वर्षाला १०,००० बायकांमागे ८ जास्त. नुसतं इस्ट्रोजेन दिलेल्या, पिशवी काढलेल्या बायकांच्या गटात तर स्तनाचा कॅन्सर वाढलाच नाही. पुढे हेच आकडे वयाप्रमाणे वेगळे करून बघितले तेव्हा दिसलं की साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केलं, आणि बाईला खरंच त्रास असेल, तर बहुतेकींच्या बाबतीत फायद्याचं पारडं जड असतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने या औषधांवरच्या काळ्या चौकटीतल्या वॉर्निंगमधून हे जुने इशारे काढायचं जाहीर केलं. याचा अर्थ धोका शून्य झाला असा नाही हं, इन्स्टावाल्यांनी तोच काढलाय.

मला स्वतःला सगळ्यात उपयोगी वाटलेले आकडे ब्रिटनमधले आहेत. पन्नाशीतल्या १००० बायका घ्या, पाच वर्षांत त्यातल्या साधारण २३ जणींना स्तनाचा कॅन्सर होतो, काहीही औषध न घेता. दोन हार्मोनवाली एचआरटी घेतली तर त्यात ४ जणींची भर. नुसतं इस्ट्रोजेन घेतलं तर ४ ने कमी. आणि लठ्ठपणा असेल तर २४ जणींची भर, चोवीस! आठवड्यात अडीच तास चांगला व्यायाम केला तर ७ ने कमी. आपल्याकडे मुळातला आकडा ब्रिटनपेक्षा कमीच आहे, पण कशाने किती फरक पडतो याचा अंदाज यावरून येतो. चार म्हणजे काहीच नाही असं मी म्हणणार नाही, त्या चारातली एक आपण असू शकतो. पण गोळीला घाबरून नको म्हणणारी आणि वीस किलो जादा वजनाबद्दल निवांत असलेली, अशा कितीतरी जणी मला माहितीयेत.

मग बघायचं की आपल्याला चालेल का. स्तनाचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर होऊन गेलाय, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली होती, हार्ट अटॅक किंवा स्ट्रोक येऊन गेलाय, लिव्हरचा आजार चालू आहे, किंवा अंगावरून जातंय आणि का जातंय ते कळलेलं नाही, तर सहसा नाही देत. यातलं शेवटचं नीट वाचा. वर्षभर पाळी बंद होती आणि अचानक डाग दिसला तर "पुन्हा सुरू झाली वाटतं" म्हणून सोडून द्यायचं नाही, एचआरटी राहू दे बाजूला, आधी सोनोग्राफी. बीपी असेल तर आधी ते ताब्यात आणायचं, मग बोलायचं. मावशीला कॅन्सर होता म्हणजे तुम्हाला आपोआप नाही असं नसतं, पण कोणाला, कितव्या वर्षी, कुठला, हे आईला किंवा मामाला फोन करून विचारून लिहून न्या, घरात दोन-तीन जणींना झाला असेल तर जेनेटिक टेस्टचा विषय आधी निघेल. सिगरेट, तंबाखू, मिश्री काहीही असेल तर सांगा. मिश्री तर बायका व्यसनात धरतच नाहीत, दात घासायची गोष्ट म्हणून विसरतात.

पुढचा प्रश्न पिशवीचा, आणि यावर सगळं औषध ठरतं. पिशवी असेल तर नुसतं इस्ट्रोजेन घ्यायचं नाही, त्याने आतलं अस्तर वाढत जातं आणि त्याचा कॅन्सर होऊ शकतो, म्हणून जोडीला प्रोजेस्टेरॉन लागतंच. पिशवी काढलेली असेल तर बहुतेक वेळा नुसतं इस्ट्रोजेन पुरतं. पण आपल्याकडे गोम अशी की पिशवी काढली हे बाईला माहिती असतं, ओव्हरी ठेवल्या का काढल्या ते माहिती नसतं. जुनं डिस्चार्ज कार्ड शोधा, ट्रंकेत असेल, नवऱ्याच्या एलआयसीच्या फाईलमधे असेल. बीडच्या ऊसतोड बायकांचं २०१९ मध्ये बाहेर आलं तेव्हा सुमारे ८२ हजार बायकांच्या सर्वेक्षणात १३ हजारांच्या वर बायकांची पिशवी काढलेली निघाली, कित्येक तिशीतल्या. अशा तरुण वयात ओव्हऱ्याही गेल्या तर शरीर एका दिवसात मेनोपॉजमधे जातं, हाडं आणि हृदय दोन्ही लवकर थकतात. चाळिशीच्या आत, अगदी ४५ च्या आतसुद्धा पाळी गेली असेल, आपोआप किंवा ऑपरेशनने, तर वरचं सगळं गणित उलटं होतं. तिथे वाफा असोत नसोत, दुसरं काही आड येत नसेल तर पाळी जायच्या नेहमीच्या वयापर्यंत हार्मोन द्यावं असाच सल्ला असतो, कारण ते शरीरात असायलाच हवं होतं. अशी कोणी तुमच्या ओळखीत असेल, कामाला येणारी मावशी असेल, तर तिला हे नक्की सांगा.

गोळी का जेल यावर मेडिकलवाल्याचं ऐकू नका. पोटातून घेतलेली इस्ट्रोजेनची गोळी लिव्हरमधून जाते आणि गुठळीचा धोका थोडा वाढवते, कातडीतून जाणाऱ्या जेलने तो तसा वाढत नाही. म्हणून वजन जास्त, अर्धशिशी, बीपी, शुगर, घरात कोणाला गुठळीचा इतिहास असं काही असेल तर जेलबद्दल मुद्दाम विचारा, महाग पडतं गोळीपेक्षा पण विचारा. लावायचं अंघोळीनंतर कोरड्या अंगाला, दंडावर नाहीतर मांडीवर, छातीवर कधीच नाही, पातळ पसरायचं, चोळत बसायचं नाही, वाळू द्यायचं आणि मग हात साबणाने धुवायचे. लगेच नातवंडाला कडेवर घ्यायचं नाही, त्याच्या अंगाला लागतं. त्यावर लगेच मॉइश्चरायझर पण नको. प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल रात्री झोपताना घ्यायची, तिने गुंगी येते आणि ज्यांची झोप उडालीये त्यांना ती गुंगी आवडते. कॅप्सूल नको असेल तर तांबीसारखं पिशवीत बसवायचं हार्मोनवालं मिरेनाही अस्तर सांभाळतं, पाळी अजून येतेय आणि अंगावरून फार जातं अशांना ते सोयीचं पडतं. आणि "बायोआयडेंटिकल" म्हणून कातडीखाली पेलेट बसवून देणारी क्लिनिक निघालीत शहरांत, हजारोंचं पॅकेज. डोस जास्त झाला तर ते पेलेट सहजासहजी काढता येत नाही. मी तर त्यांच्या दारात जाणार नाही. शरीरातल्यासारखंच इस्ट्रोजेन साध्या जेलमधेही असतं.

डॉक्टरकडे दहा मिनिटं मिळतात हे धरून चाला. कालनिर्णयचं पान, चालू गोळ्यांची यादी (काढे आणि चूर्णं धरून), घरातला कॅन्सर-हार्ट-गुठळीचा इतिहास, डिस्चार्ज कार्ड. मॅमोग्राफी, पॅप स्मिअर, सोनोग्राफी झाली असेल तर रिपोर्ट, नसेल तर त्या करायला सांगतील. आणि स्पष्ट विचारायचं: मला तुम्ही गोळी का देताय, जेल का नाही? प्रोजेस्टेरॉन कुठलं? परत कधी येऊ? काय झालं तर लगेच फोन करू? डॉक्टर "वय झालं की होतंच, सहन करा" म्हणाले तर दुसरे शोधा. बीपी न बघता, काही न विचारता चिठ्ठी लिहून दिली तरी दुसरेच शोधा. नवऱ्याला बरोबर न्यायचं तर न्या, पण आतमधे बोलायचं तुम्ही, नाहीतर "हिची चिडचिड फार वाढलीये" इथून सुरुवात होते.

हार्मोन चालत नसतील किंवा नकोच असतील तरी रिकाम्या हाताने यायचं नाही. वाफांसाठी व्हेन्लाफॅक्सिन, कमी डोसचं पॅरॉक्सेटीन, रात्रीसाठी गॅबापेंटिन अशी औषधं आहेत. यातलं पॅरॉक्सेटीन स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बायकांना चालत नाही, त्याचा परिणाम कमी करतं. फेझोलिनेटंट नावाची खास वाफांसाठीची गोळी २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, तिच्याबरोबर लिव्हरच्या टेस्ट कराव्या लागतात. समुपदेशनाची सीबीटी पद्धत वाफा थांबवत नाही पण त्यांचा त्रास वाटणं आणि झोप यात फरक पडतो. शतावरी, सोयाबीन यांनी बरं वाटणाऱ्या बायका आहेत पण तीव्र वाफांवर त्यांचा भरवसा धरता येईल असे पुरावे नाहीत, आणि कॅन्सर होऊन गेला असेल तर "आयुर्वेदिकच आहे" म्हणून परस्पर सुरू करू नका. वजन उचलायचा व्यायाम मात्र घ्या न घ्या दोन्ही बाजूंना लागू, नुसतं चालून हाडांना पुरत नाही.

सुरू केलंत तर पहिले दोन-चार आठवडे काहीच होत नाहीये असं वाटेल, सोडू नका, तीन महिने पूर्ण करा आणि कालनिर्णयवरच्या काड्या मोजा. छाती जड वाटणं, पोट फुगणं, मधेच डाग दिसणं हे सुरुवातीला होतं. डाग सहा महिन्यांनंतरही दिसत असतील, किंवा बंद होऊन पुन्हा सुरू झाले, तर दाखवायचं. एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, छातीत दुखलं, दम लागला, बोलताना जीभ अडखळली तर वाट न बघता हॉस्पिटल. मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघाला असाल किंवा गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं असेल तर आधी डॉक्टरला सांगा, बराच वेळ एका जागी बसण्या-झोपण्याने गुठळीची शक्यता वाढते. मग वर्षातून एकदा भेटायचं, बीपी, मॅमोग्राफी वेळच्या वेळी, आणि तोच प्रश्न पुन्हा, अजून हवंय का?

पाचच वर्षं घ्यायचं असा काही कायदा नाही, दरवर्षी फायदा-तोटा बघून ठरतं. बंद करताना हळूहळू डोस उतरवला की वाफा एकदम उसळत नाहीत असा बऱ्याच डॉक्टरांचा अनुभव. आणि बंद करून बघायचं तर दिवाळीनंतर करा, एप्रिल-मेमधे नको, नागपूर-अकोल्याकडे तर अजिबातच नको, तेव्हा तिकडे घाम सगळ्यांनाच येतो आणि तुमचा कुठला ते कळणार नाही.